नॉर्मन हेस्लॉपचं न फुटलेलं अंडं

आमच्या गावातल्या कामगार क्लबात बाटल्यांच्या वरच्या फळीवर, एका काचेच्या पेल्यात, एक तपकिरी अंडं ठेवलेलं आहे. क्लबात कुणी नवखा आला की त्याला ते दाखवतात. "हे काय आहे?" असं त्यानं विचारलं की ऐकणारे आधीच हसायला लागतात, आणि ज्याला गोष्ट रंगवता येते तो पुढं सरसावतो. ती गोष्ट खोटी आहे. खरी मला ठाऊक आहे, पण चारचौघांत उभं राहून गोष्ट सांगणं मला कधी जमलं नाही. मधेच कुणी खोकलं तरी माझं वाक्य तुटतं. म्हणून लिहितो आहे, येईल तसं.

डरहमच्या कोळशाच्या पट्ट्यातलं आमचं गाव. खाण चालू होती तेव्हा मी दिव्यांच्या खोलीत होतो. खाली जाणाऱ्याला दिवा द्यायचा, वर आलेल्याकडून परत घ्यायचा. नॉर्मन हेस्लॉप खाली असायचा. गावाबाहेर आमचे भाजीचे वाफे शेजारी शेजारी होते, त्यामुळं त्याची माझी ओळख खाणीपेक्षा तिथली जास्त. त्याच्या वाफ्याच्या कोपऱ्यात कोंबड्यांचं खुराडं होतं. तो बोलका नव्हता. मीही नाही. पण कुदळ टेकवून दोघं शेजारी उभे राहिलो की बरं वाटायचं.

नॉर्मनला गावात एक मान होता. शरद ऋतूत आमच्याकडं लीकची स्पर्धा भरते. लीक म्हणजे कांद्याचाच जाडजूड भाऊ, आणि त्याच्या जाडीवरून आमच्याकडं सख्खे भाऊ बोलेनासे झालेले आहेत. ते लीक मोजायचं काम नॉर्मनकडं होतं. त्यानं मोजपट्टी लावून आकडा सांगितला की कुणी दुसऱ्यांदा मोजा म्हणत नसे. एकदा त्याच्या मोजपट्टीवर त्याचा स्वतःचा मेव्हणाच हरला आणि निमूटपणे घरी गेला. गावात याहून मोठं प्रमाणपत्र नाही.

त्याची बायको अल्मा. तिचा मान वेगळा होता. ईस्टरला आमच्याकडं उकडलेली अंडी भिडवतात. एकानं अंडं मुठीत घट्ट धरायचं, टोक तेवढं बाहेर. दुसऱ्यानं आपल्या अंड्याच्या टोकानं त्यावर ठोका द्यायचा. ज्याचं तडकलं तो बाद. याला जार्पिंग म्हणतात, आणि दुसरीकडच्या लोकांना हे पोरखेळ वाटेल, पण आमच्या क्लबात त्यासाठी कोट घालून यायचे. ती अंडी उकडावीत तर अल्मानंच. आमच्या चॅपल रो गल्लीतल्या निम्म्या बायका आपली अंडी टोपलीत घालून तिच्याकडं आणून द्यायच्या.

ती वर्षभर कांद्याची सालं साठवायची. अंड्याला पानं-फुलं चिकटवायची, वरून सालं लपेटायची, जुन्या कपड्याच्या चिंधीत घट्ट बांधायची आणि गार पाण्यात ठेवून मंद आचेवर चढवायची. उकळी फुटेपर्यंत पातेल्यातली गाठोडी लाकडी चमच्यानं सारखी फिरवत राहायची. म्हणजे बलक मधोमध बसतो आणि टोकाशी पांढरं जाड राहतं. "घाई केलीस तर अंडं रागावतं," ती म्हणायची. मग गार पाणी, मग चिंधी सोडायची, मग लोण्याचा हात. तपकिरी, सोनेरी, मधे फर्नच्या पानाची पांढरी नक्षी. ती अंडी फोडायला मन धजत नसे.

अल्माची आई म्हातारपणी आंधळी झाली होती. घरच्यांनी पहिल्यांदा तिच्या हातातली सुरी काढून घेतली, मग किटली, मग तिला खिडकीशी खुर्चीवर बसवलं, ती तिथंच बसून राहिली. अल्मा मला एकदा म्हणाली होती, "लेन, ज्या दिवशी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतील ना, त्या दिवशी सरळ मला पुरून टाका. खुर्ची नको."

आता त्या ईस्टरचं सांगतो.

शनिवारी पहाटे नॉर्मन खाणीत पाळीवर होता. अंडी आणायला अल्मा स्वतः वाफ्यावर आली. गवतावर दहिवर गोठलेलं, बोटं वाकत नव्हती अशी थंडी. मी माझ्या झोपडीत बी निवडत होतो. बाहेर खांबावर माझा जुना कोट टांगलेला होता. अल्मा जाता जाता त्या कोटाला म्हणाली, "काय लेन, आज लवकर?" आणि खुराड्यात शिरली. मला हसू आलं. अल्माला थट्टेची खोड होती. कोटाशी बोलणं तिला शोभण्यासारखंच होतं.

नॉर्मनच्या खुराड्यात एक तांबडी कोंबडी होती, मोठी नखरेल. अंडी घालायच्या पेटीत आधीच एखादं अंडं दिसल्याशिवाय ती बसायचीच नाही. तिच्यासाठी नॉर्मननं मातीचं अंडं ठेवलं होतं, भट्टीत भाजलेलं, आतून पोकळ, बुडाशी बारीक भोक असलेलं. असं अंडं आमच्याकडं प्रत्येक खुराड्यात असतं. वर्षानुवर्षं कोंबड्यांच्या पोटाखाली राहून त्याची चकाकी गेलेली असते, आणि गवतात ते अगदी खऱ्यासारखं दिसतं.

रविवारी दुपारी क्लब भरला. नॉर्मन दरवर्षी उतरायचा आणि दरवर्षी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत बाद व्हायचा. त्या वर्षी त्याचं अंडं तडकेना. एकेक गडी येत गेला, मूठ आवळत गेला, ठोका बसला की त्याचंच अंडं चुरडत गेलं. शेवटी स्टॅन कोल्सन उरला. स्टॅन क्लबाचा सेक्रेटरी, आवाजानं आणि पोटानं मोठा. बक्षीस म्हणून खारवलेली डुकराची मांडी टांगलेली होती, ती त्यानं बहुतेक मनानं घरी नेलीच होती.

"ये नॉर्मन, ये. तुझ्या बायकोचं अंडं आणि माझ्या बायकोचं अंडं. बघू कुणाच्या कोंबडीत दम आहे."

"कोंबडीत की बायकोत?" मागून कुणीतरी ओरडलं.

ठोका बसला. स्टॅनचं अंडं अर्धं आत चेपलं गेलं. छप्पर उडेल असा गलका झाला. नॉर्मन लाजला होता. कान लाल झाले होते त्याचे. मी त्याला इतका खूश कधी पाहिला नव्हता.

पण आमच्या क्लबाचा एक नियम आहे. पूर्वी कुणीतरी अंड्याला व्हार्निश फासून आणलं होतं, तेव्हापासूनचा. जिंकणाऱ्यानं आपलं अंडं तिथंच, सगळ्यांसमोर सोलून मिठाबरोबर खायचं. बशीत मीठ आलं. नॉर्मननं अंडं टेबलाच्या कडेवर टिचकावलं. काही झालं नाही. पुन्हा टिचकावलं.

"अरे, आपट की जोरात! बायकोला घाबरतोस का?"

त्यानं जोरात आपटलं. टेबलाच्या लाकडाला खोक पडली. अंडं उलटं झालं आणि बुडाच्या भोकातून कांद्याच्या सालींचं तपकिरी पाणी बारीक धारेनं बशीतल्या मिठावर पडलं.

नॉर्मन त्या धारेकडं बघत होता. मी त्याच्या अगदी समोर होतो. त्याला जे कळायचं ते त्या क्षणी कळलं, त्याच्या आधी नाही. हे मी कुठल्याही शपथेवर सांगेन.

स्टॅननं अंडं उचललं, नखानं वाजवलं. "मातीचं," तो म्हणाला. "कोंबडीला फसवायचं अंडं आणून आम्हाला फसवतोस?" मग जरा थांबून, "उकडलं कुणी हे?"

"अल्मानं," एक बाई म्हणाली. "अल्माच उकडते ना नेहमी."

सगळ्यांच्या माना बायकांच्या टेबलाकडं वळल्या. अल्मा तिथं बसली होती आणि टाळ्या वाजवत होती. बाकीच्यांच्या टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. ती एकटीच अजून वाजवत होती, हसऱ्या तोंडानं, आमच्या दिशेला, पण आमच्याकडं नव्हे. तेव्हा मला माझा कोट आठवला.

"अल्माचा काही संबंध नाही," नॉर्मन म्हणाला. "मी घातलं ते पातेल्यात. ती चिंध्या आणायला गेली होती तेव्हा."

एवढंच. त्याची सगळी इज्जत एवढ्या वाक्यात गेली.

संध्याकाळी तो वाफ्यावर आला. तांबड्या कोंबडीच्या पेटीत हात घालून त्यानं गवत चाचपलं. तिथं काही नव्हतं.

"नॉर्मन," मी म्हटलं, "शनिवारी अल्मानं माझ्या कोटाला नमस्कार केला."

"माहीत आहे."

"तिला दिसत नाही?"

"दिसतं. थोडं थोडं. चहा कपाबाहेर ओतते आणि म्हणते कपच वाकडा. मी काही बोलत नाही." त्यानं पेटीचं दार लावलं. "बोललो तर उद्या तिची बहीण येऊन पातेलं उचलेल, लेन. तू ती खुर्ची पाहिली नाहीस. मी पाहिली आहे."

"पण तू पाळीवर होतास. अंडी तू आणलीच नव्हतीस, हे लोकांना…"

"लोकांना काही नाही. तू दिवे मोज." कुणाला सांगणार नाही, असा शब्द मी त्याला दिला.

शरद ऋतू आला तेव्हा लीक मोजायला दुसऱ्याला बोलावलं. कुणी नॉर्मनला तसं सांगितलं नाही. तो आपली मोजपट्टी खिशात घालून गेला, दारातूनच टेबल बघितलं आणि परत फिरला. गल्लीत पोरं त्याला "खापऱ्या" म्हणू लागली, मग मोठेही. हाक मारताना लोक नखानं कशावर तरी टकटक करायचे: भिंतीवर, डब्यावर, एकदा तर त्याच्या डोक्यावर. तो हसायचा. हसण्याखेरीज त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

अल्मा मात्र हसली नाही. "गल्लीसाठी जन्मभर अंडी उकडली मी," ती माझ्यासमोर त्याला म्हणाली, "आणि तू माझ्या पातेल्यात खापर घातलंस. एका डुकराच्या तंगडीसाठी." तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. दुसऱ्या वर्षी ईस्टरला तिनं सालं काढून ठेवली, चिंध्या धुवून ठेवल्या, आणि दार उघडं ठेवून बसली. कुणी टोपली घेऊन आलं नाही. ज्या पातेल्यातून खोटं अंडं निघालं त्यात आपलं अंडं कोण टाकणार? गल्लीतल्या बायका घरीच उकडायला लागल्या, वाकड्या बलकांची.

म्हणजे ज्यासाठी त्यानं हे केलं तेही गेलंच. पातेलं तिच्या हातात राहिलं, पण रिकामं. आणि ते नॉर्मनमुळं झालं असं ती समजत होती. रोज समजत होती, जेवताना, चहाला, चॅपलच्या वाटेवर त्याच्यापासून चार पावलं पुढं चालताना. पुढं चालताना ती अडखळायची, आणि तो मागून हळूच "पायरी" म्हणायचा, आणि ती म्हणायची, "दिसते मला."

मग ती पुरतीच आंधळी झाली. लपवण्यासारखं काही उरलं नाही. बहीण आली, पण नॉर्मननं तिला पातेल्याला हात लावू दिला नाही. घरात आवाज चढवलेला मी तेवढा एकदाच ऐकला. खाण बंद झाली होती, दोघंही म्हातारे झाले होते. कोंबड्या त्यानं विकून टाकल्या. मी त्याला म्हटलं, "आता तिच्या डोळ्यांचं सगळ्यांना माहीत आहे. आता तरी सांग. तिला तरी सांग."

"काय सांगू? की 'दिसतं मला' असं तू म्हणायचीस तेव्हाच तुझ्या हातून हे झालं?" तो बराच वेळ कुदळीच्या पात्यावरची माती खरवडत होता. "तिच्यापाशी तेवढंच उरलंय, लेन. डोळे होते तोवर आपलं काही चुकलं नाही, एवढंच. ते घेऊन मी काय करू?"

त्याच्या शेवटच्या काही वर्षांतला एक ईस्टर. शनिवारी मी माझ्या कोंबड्यांची अंडी घेऊन त्यांच्याकडं गेलो. अल्मा अंडी उकडायची अजूनही, तिघांपुरती. टेबलाशी बसून ती एकेक अंडं हातात घ्यायची, तळव्यात तोलायची, कानाशी नेऊन नखानं वाजवायची. "हे खरं," ती म्हणायची आणि बाजूला ठेवायची. "हेही खरं. नॉर्मन, तुझा हात पातेल्यापासून लांब आहे ना?"

"लांब आहे."

"लेन, त्याच्यावर लक्ष ठेव."

हे दरवर्षीचं होतं. मी हसत असे, काय करणार? पण त्या वर्षी एक अंडं हातात घेऊन ती थांबली. बोटानं त्याचं बूड चाचपत राहिली. तिची बोटं तोवर फार शिकली होती. पीठ हातात घेऊन ते कुठल्या डब्यातलं आहे ते सांगायची. मातीच्या अंड्याच्या त्या ईस्टरला तिचे डोळे पुरते गेलेले नव्हते आणि बोटं अजून शिकलेली नव्हती. ती नेमकी मधे होती, आणि थंडीनं बधिर होती.

"त्या दिवशी अंडी मी आणली होती," ती म्हणाली. "तू पाळीवर होतास."

नॉर्मन शेगडीपाशी उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

"तांबडीच्या पेटीत मी हात घातला होता. मला आठवतंय, गवत गोठलं होतं." तिनं चेहरा त्याच्याकडं वळवला, अगदी नेमका. "नॉर्मन, ते माझ्या हातून गेलं का?"

किटली उकळायला लागली होती, कुणी ती उतरवली नाही. माझ्या मनात आलं, आता. देवा, आता तरी. तिनं स्वतःहून दार उघडलं होतं, त्यानं फक्त आत पाऊल टाकायचं होतं. साऱ्या गावानं खापऱ्या म्हटलं तरी चाललं असतं, या एका बाईनं त्याला लबाड मानलं नसतं तर.

"नाही," नॉर्मन म्हणाला. "तू चांगलीच आणली होतीस. पाळीवरून आल्यावर मी बदललं. सांगितलं ना तेव्हाच."

तिच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं. मी पाहिलं ते. भीती उतरली, आणि तिच्या जागी तिचा नेहमीचा राग येऊन बसला, आणि त्या रागात तिला बरं वाटलं.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "चोर तो चोरच."

अंडी उकडून झाली. नक्षी आता जमत नसे, पण रंग तोच होता. तिनं एक अंडं मुठीत धरलं, टोक वर केलं. नॉर्मननं आपलं अंडं उचललं होतं. त्याच्या हालचालीचा आवाज तिनं ऐकला असावा.

"तू नको," ती म्हणाली. "लेन, ये तू. मी लबाडांशी खेळत नाही."

मी नॉर्मनकडं पाहिलं. त्यानं मान हलवली, खेळ म्हणून. मी ठोका दिला, माझं फुटलं. ती लहान मुलीसारखी हसली. नॉर्मननं आपलं अंडं टेबलावर टिचकावलं, सोललं, आणि मीठ घेऊन खाल्लं. बलक अगदी मधोमध होता.

पुढच्या हिवाळ्यात अल्मा गेली. तो तिच्यामागं फार राहिला नाही.

त्याला पुरून आल्यावर क्लबात चहा होता. अंड्याचे सँडविच होते. ते कुणी मुद्दाम ठेवले होते की काय मला माहीत नाही. स्टॅन कोल्सन आता काठी घेऊन चालतो, पण आवाज तोच. त्यानं फळीवरून ते अंडं उतरवून घेऊन टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "शवपेटीला टकटक करून पाहिलंत ना रे? खापऱ्या खरंच आत होता ना?" लोक हसले. वाईट मनानं नाही, आम्ही असेच हसतो.

मी उभा राहिलो. नॉर्मनला दिलेला शब्द नॉर्मनबरोबर गेला असं मी मनाशी ठरवून आलो होतो. मी सांगितलं सगळं: कोट, तांबडी कोंबडी, रिकामी पेटी, अल्माच्या शेवटच्या ईस्टरचं स्वयंपाकघर. वाक्यं उलटीसुलटी झाली असतील. मधे कुणीतरी खोकलं. शेवटी मी ते अंडं हातात घेतलं आणि बुडाचं भोक स्टॅनला दाखवलं. आत खुराड्यातल्या गवताची काडी अजून अडकलेली होती.

"हे बघ," मी म्हटलं. "फसवायला निघालेला माणूस निदान भोक तरी बुजवेल. पाणी गळेल हे त्याला कळणार नाही का? आणि खायचा नियम त्याला माहीत नव्हता का?"

स्टॅननं ती काडी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. बराच वेळ पाहिली. मला वाटलं, पटलं त्याला.

"लेन," तो म्हणाला, "तू शेजारी चांगला होतास त्याचा. कुणीही शेजाऱ्यासाठी एवढं बोलेल." त्यानं अंडं पेल्यात ठेवून पेला फळीकडं सरकवला. "पण भोकाचं म्हणशील तर, नॉर्मन काही फार हुशार नव्हताच."